लोन काढलं तर निराधारचे दीड हजार बंद होतात का?

सोलापूर जिल्ह्यातून एका ताईंचा लांबलचक मेसेज आलाय. नाव-गाव देऊ नका म्हणाल्यात म्हणून देत नाही, थोडक्यात मजकूर असा:

"ताई नमस्कार. माझं वय ३९. मिस्टर जाऊन ४ वर्षं झाली. घरी सासूबाई, मुलगी बारावीला, मुलगा सहावीत. मला संजय गांधी निराधारचे १५०० आणि सासूबाईंना श्रावणबाळचे १५०० येतात, केशरी कार्डावर चौघांचं धान्य मिळतं. आधी जत्रेला, लग्नसराईला कुणी सांगितलं तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून द्यायचे, यंदाच्या संक्रांतीपासून रोजचं काम झालंय, दोन हॉटेलं आणि पुण्याच्या काही ऑर्डरी. महिन्याला ७०० भाकरी आणि २० किलो चटणी जाते, १४ हजारांचा माल होतो, खर्च जाऊन साडेचार हजार राहतात. आता भाकरीचं मशीन, चटणी कुटायचं मशीन आणि पॅकिंग मशीन मिळून ३ लाखाचं कोटेशन आणलंय. पण सेवा केंद्रातला मुलगा म्हणतो उद्यम काढलं, लोन काढलं की निराधार पण बंद आणि रेशन पण बंद. दुसरा एकजण म्हणतो ८ हजार द्या, पीएमईजीपीतून (केंद्राची नवीन धंद्यासाठीची लोन-सबसिडी योजना) करून देतो, ३५ टक्के माफच असतात, आणि उत्पन्नाचा दाखला २१ हजाराचाच काढायचा, कोण बघतंय. मला काही कळेना. मी आत्ता जे पैसे घेतेय ती चोरी तर नाही ना? आणि मुलीच्या ॲडमिशनला यानं काही अडचण येईल का?"

ताई, चोरीचं आधी बोलू, कारण तो प्रश्न तुम्हाला झोपू देत नसणार. नाही, आत्ता तरी नाही. निराधारला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आहे आणि दाखल्यावर मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न येतं, एप्रिल ते मार्च. तुमचं रोजचं काम संक्रांतीला सुरू झालं म्हणजे त्या वर्षात जेमतेम तीन महिने धरायचे, साडेतेरा हजार, वर त्याआधीच्या जत्रेच्या सुट्ट्या ऑर्डरींचे काय ते, शेतमजुरीला वगैरे जात असाल तर तेही त्यात धरावं लागतं पण तुम्ही तसं काही लिहिलं नाहीये. म्हणजे मागच्या वर्षाचा दाखला २१ हजाराच्या आत बसायला हरकत नाही.

पुढच्या वर्षी मात्र बसणार नाही. साडेचार हजार गुणिले बारा म्हणजे ५४ हजार, हे मशीन न घेता, लोन न काढता, आत्ता जसं चाललंय तसंच चाललं तरी. म्हणजे सेवा केंद्रातल्या मुलानं भीती घातली ती चुकीच्या गोष्टीची. लोन म्हणजे उत्पन्न नाही, ते फेडायचं असतं. उद्यम म्हणजे तुमचा धंदा आहे एवढं सांगणारा कागद, त्यात पात्र-अपात्र काही ठरत नाही. बँकेनं तीन लाख मंजूर केले म्हणून तहसीलदार पेन्शन बंद करत नाहीत. पेन्शन जाते ती उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं म्हणून, आणि २१ हजार म्हणजे महिन्याला १७५० रुपये, यात कुठलाच चालता धंदा बसत नाही. ही मर्यादा इतकी जुनाट आहे की सरकार एका हातानं म्हणतंय उद्योजिका व्हा आणि दुसऱ्या हातानं म्हणतंय १७५० च्या वर कमवू नका, पण ते भांडण तुम्ही-आम्ही आज सोडवू शकत नाही.

श्रावणबाळलाही कुटुंबाचं उत्पन्न २१ हजारापर्यंतच चालतं, आणि तुम्ही सगळे एका कार्डावर आहात, त्यामुळे सासूबाईंच्या पैशावरही प्रश्न येऊ शकतो. तहसीलमध्ये संजय गांधी शाखेचं टेबल असतं तिथे स्वतः जाऊन विचारा की सून कमावती झाली तर सासूचं काय धरता. केंद्रातल्या मुलाला विचारू नका, टेबलावरच्या क्लार्कला विचारा, आणि जमल्यास सासूबाईंना सोबत घेऊन जा, म्हातारं माणूस समोर असलं की उत्तर जरा सरळ मिळतं.

रेशनचं गणित वेगळं आहे. केशरी कार्ड वार्षिक १५ हजाराच्या वर ते १ लाखापर्यंत, त्यामुळे ५४ हजारानं कार्डाचा रंग बदलत नाही. पण कार्ड केशरी असणं आणि त्यावर धान्य मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणशी ५ किलो मोफत धान्य हे प्राधान्य कुटुंबाला मिळतं आणि त्याची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार, शहरात ५९ हजार. तुम्ही ४४ च्या वर जाणार. म्हणजे चौघांचं २० किलो धान्य जाऊ शकतं, कार्ड राहतं. कार्ड कशाला हवं तर दवाखान्याला, आणि तिथे मी तुम्हाला निश्चिंत करते, महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे, पांढऱ्यासकट, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. धंदा वाढला म्हणून ते संरक्षण जात नाही. सासूबाईंच्या वयाला हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे खरं तर.

आता जरा वही-पेन घ्या कारण खरा प्रश्न इथे आहे, आणि तुम्ही तो विचारलेलाच नाही.

तुमचं कोटेशन ३ लाखाचं. बायांसाठी ज्या योजना आहेत त्यातली तुम्हाला सगळ्यात बसणारी म्हणजे पीएमएफएमई, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची, २०२० ला सुरू झालेली, आपल्याकडे कृषी खात्यामार्फत चालते. त्यात ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख, आणि स्वतःचे किमान १० टक्के घालायचे. म्हणजे ३० हजार तुमचे, २ लाख ७० हजार बँकेचे, आणि सबसिडी १ लाख ५ हजार. आता ते जे 'माफ' म्हणतात ना, ते माफ-बिफ काही नसतं. सबसिडी तुमच्या हातात येत नाही, बँकेत तुमच्या लोनच्या नावानं वेगळी पडून राहते, तीन वर्षं हप्ते नीट गेले आणि युनिट चालू असलं तर ती लोनमध्ये वळती होते. मधेच हप्ते थकले, मशीन झाकून ठेवलं, तर ते १ लाख ५ हजार गेले समजा आणि मग सगळं लोन तुमच्याच डोक्यावर. म्हणून ३५ टक्के हा आकडा ऐकून कुणी मोठं मशीन घेऊ नये, तो सवलतीचा सेल नाहीये.

सबसिडी सोडून उरलेल्या १ लाख ६५ हजारावर ११ टक्क्यानं, पाच वर्षांचा हप्ता धरला तर महिन्याला साधारण ३६०० बसतो. यात धरा तुमचे १५०० आणि सासूबाईंचे १५०० जाण्याची शक्यता, आणि २० किलो धान्य बाजारातून घ्यायचं म्हटलं तर ६०० रुपये. झाले ७२००. म्हणजे मशीन घेतल्यावर आज जगताय तसंच जगायचं असेल, एक रुपया जास्त नाही, तरी महिन्याला ७२०० रुपये आणखी सुटले पाहिजेत. तुमचं आत्ताचं प्रमाण १४ हजाराला साडेचार हजार, म्हणजे शंभराला ३२ रुपये. त्या हिशोबानं ७२०० सुटायला साडेबावीस हजाराचा माल जास्त जायला हवा. १४ चे साडेछत्तीस हजार. अडीच पटीपेक्षा जास्त. यात हाताखाली बाई लावली तर तिची मजुरी वेगळी, मशीनचं लाईटबिल वेगळं.

आता मला सांगा, एवढ्या भाकरी घेणारं गिऱ्हाईक आज तुमच्याकडे आहे का? दोन हॉटेलं आणि पुण्याच्या "काही" ऑर्डरी, असं तुम्हीच लिहिलंय. असेल तर बिनधास्त करा. पण तुमच्या सगळ्या पत्रात मशीनचं वर्णन आहे, गिऱ्हाइकाचं फार कमी आहे, म्हणून विचारते.

मी तुमच्या जागी असते तर भाकरीचं मशीन आत्ता घेतलं नसतं. एक तर कडक भाकरी माणूस घेतो ती हातावरची पातळ म्हणून, तव्यावरून काढून आरावर उभी करून हळूहळू कडक झालेली, वरणात कुस्करून खायची. मशीनची भाकरी सगळ्या एकसारख्या होतात हे खरं, पण कितीदा तरी जाड येते आणि मधे मऊ राहते, मग ती टिकत नाही. मशीनवाल्याकडे जाऊन स्वतःच्या घरचं ज्वारीचं पीठ देऊन भाकरी करून बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका, दुकानदार डेमोला स्वतःचं पीठ वापरतो. आणि दुसरं, तुमची अडचण थापण्याची आहे की फुटण्याची? पुण्याला एसटीनं पार्सल जातं त्यात किती भाकरी तुटतात ते तुम्ही लिहिलं नाही पण मला अंदाज आहे. तुटलेल्या भाकरीचे पैसे कोण देत नाही. चांगला खोका आणि मधले पुठ्ठे यात काही हजार घातले तर महिन्याला जे वाचेल ते मशीनपेक्षा आधी हातात येईल.

चटणीचं मात्र वेगळं. शेंगा चटणी कुटली तर तेल सुटतं आणि मिक्सरला लावली तर भुगा होतो, हे सोलापूरकरांना मी काय सांगायचं. चटणी टिकते, तुटत नाही, पार्सलला सोपी, आणि २० किलो उखळात कुटून हात दुखायला लागले असतील तेव्हा तिथे छोटा डंक, म्हणजे कुटायचं मशीन, घेणं पटतं. डंक, पिशव्या सील करायचं मशीन आणि खोके, हे ५० हजाराच्या आसपास बसतं का बघा. बसत असेल तर केंद्राच्या मुद्रा कर्ज योजनेतलं शिशु लोन ५० हजारापर्यंत असतं, तारण लागत नाही. त्यात सबसिडी नाही हे खरं, पण तीन वर्षांसाठी हप्ता सोळाशे-सतराशे बसेल, तो भागवायला महिन्याला पाच-सव्वापाच हजाराचा माल जास्त गेला की झालं, आणखी एक हॉटेल आणि पाच-सहा किलो चटणी. एवढं तर जमेल ना?

तुम्ही बचत गटात आहात का ते लिहिलं नाही. नसाल तर आधी व्हा, गावातल्या उमेदच्या, म्हणजे सरकारच्या बचत गट अभियानाच्या, सीआरपी ताईंना भेटा, गावात गटांचं काम त्याच बघतात. पीएमएफएमईतच गटातल्या खाद्यपदार्थ करणाऱ्या बायांना माणशी ४० हजारांपर्यंत बीज भांडवल आहे. ते गटामार्फत येतं आणि गटालाच परत फेडायचं असतं, पण बँकेच्या दारात तासनतास बसण्यापेक्षा बरं. आणि वर्षभर हे छोटं चालवून दाखवलं, बँकेत पैसे फिरले, की मग ३ लाखाची फाईल घेऊन जा, मॅनेजर खुर्ची देईल. पीएमएफएमई चालू असलेल्या धंद्यालाही मिळते त्यामुळे थांबलात म्हणून हक्क जात नाही. फक्त योजनेची मुदत २०२५-२६ पर्यंत धरलेली होती, तेव्हा तालुका कृषी कार्यालयात अर्ज घेणं चालू आहे का ते आधी विचारून मगच आखणी करा.

पीएमईजीपी वाईट नाही. गावातल्या बाईला त्यातही ३५ टक्केच आहेत, स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे, तिथेही तीन वर्षं सबसिडी बँकेत अडकून राहते. पण ती फक्त नवीन युनिटला असते, आणि तुम्ही संक्रांतीपासून माल विकताय. तुमची कुठे नोंदणी नाही म्हणून कुणी नवीनच म्हणेल, पण मग चालू धंदा लपवून नवीन असल्याचं दाखवावं लागतं आणि अशा सुरुवातीची मला भीती वाटते. पीएमएफएमईत लपवायला काही नाही, म्हणून मी ती आधी सांगितली. राज्याची सीएमईजीपी पण आहे, १५ ते ३५ टक्के, तिची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात होते.

एक गोष्ट बायांना कुणी सांगत नाही. या धंद्याच्या योजनांपैकी पीएमईजीपी, पीएमएफएमई, मुद्रा यांना उत्पन्नाची मर्यादाच नाहीये. तुम्ही गरीब आहात हे तिथे सिद्ध करावं लागत नाही. उत्पन्नाचा दाखला लागतो तो निराधारला, रेशनला, स्कॉलरशिपला आणि महामंडळांच्या काही योजनांना, आणि तिथेही बऱ्याच ठिकाणी मर्यादा ८ लाखापर्यंत असते. त्यामुळे "दाखला २१ हजाराचा काढा" हे जे तो ८ हजारवाला सांगतोय त्याचा लोनशी काडीचा संबंध नाही. तो तुम्हाला घाबरवून ठेवतोय म्हणजे तुम्ही त्याच्याशिवाय पाऊल टाकणार नाही.

आणि ८ हजार कशाचे हो? उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार नंबर, पॅन आणि मोबाईलचा ओटीपी एवढ्यावर होते, पैसे मागणाऱ्या सारख्या दिसणाऱ्या वेबसाईट आहेत तिथे जाऊ नका, सरकारी पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. पीएमएफएमईचा अर्ज आणि प्रोजेक्ट रिपोर्ट भरून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते, तिचं मानधन सरकार देतं. फूड लायसन म्हणजे एफएसएसएआयचं बेसिक रजिस्ट्रेशन, त्याची सरकारी फी वर्षाला १०० रुपये, ते मात्र आजच काढा, हॉटेलवाला आज विचारत नसेल तर उद्या विचारेल. जीएसटी राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखाच्या विक्रीपर्यंत लागत नाही, म्हणजे तुम्हाला अजून बराच पल्ला आहे. केंद्रातल्या मुलाला फॉर्म भरायचे शे-दोनशे द्या, त्याचंही पोट आहे. ८ हजारात तुमच्या चटणीला दोन महिन्यांचे शेंगदाणे येतील आणि वर तेल.

दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे दाखवले की बाया कशा अडकतात ते सांगते. लोनची फाईल मजबूत दिसावी म्हणून एजंट आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्सचं रिटर्न, भरतो, त्यात तीन-चार लाख नफा दाखवतो, टॅक्स तर लागतच नाही मग काय बिघडलं म्हणतो. आणि त्याच बाईचा तहसीलमधला दाखला २१ हजाराचा. आता या दोन्हीवर सही तिचीच. आयटीआर पॅनला जोडलेला, पॅन आधारला जोडलेलं, पेन्शनचं खातं आधारला जोडलेलं. लाडकी बहीणची पडताळणी झाली तेव्हा काय झालं सगळ्यांनी बघितलंय, २०२५ मध्ये २६ लाखांच्या आसपास बायांची नावं संशयात आली, कुणी गावात येऊन चौकशी केली म्हणून नाही तर वेगवेगळ्या खात्यांची माहिती समोरासमोर ठेवली म्हणून. अर्जात खोटी माहिती दिल्यास वसुलीला तयार आहे असं आपण लिहून दिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही एवढंच. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पुढच्या पाच वर्षांचा अंदाज असतो, तिथे मोठे आकडे दिसले तर घाबरू नका, तो अंदाज आहे. आयटीआर म्हणजे झालेल्या कमाईचा जबाब. तुम्हाला ५४ हजारावर आयटीआर भरायची गरज नाही, बँकेनं मागितलाच तर भरा पण आकडा वहीतला घाला.

हो, वही. दोनशे पानी घ्या आणि आजपासून लिहायला लागा. कारण तलाठी किंवा बँक उद्या तुमचं खातं बघतील तर त्यात क्यूआरवर आलेले महिन्याचे १४ हजार दिसणार, वर्षाचे १ लाख ६८ हजार, आणि कुणीतरी तेच उत्पन्न धरून मोकळं होणार. ते उत्पन्न नाही हे दाखवायचं काम तुमचं. ज्वारी, शेंगदाणे, लसूण, मिरची, गॅस, पिशव्या, एसटीचं पार्सल, गिरणी, ज्याची पावती मिळते तिची पावती, नाही मिळत तिथे तारीख आणि रक्कम. लोन घेतल्यावर हप्त्यातलं व्याज खर्चात धरतात, मुद्दल धरत नाहीत, हे लक्षात ठेवा नाहीतर वर्षाअखेरीस आकडा जुळत नाही. आणि धंद्याला वेगळं सेव्हिंग खातं काढा. पेन्शन ज्या खात्यात येते त्यात हॉटेलवाल्याचे पैसे घेऊ नका, सगळं एकात एक मिसळलं की तुम्हालाच कळत नाही काय कमावलं.

मग पेन्शनचं काय करायचं? दरवर्षी हयातीचा दाखला तुम्ही देताच. उत्पन्नाचा दाखला मागतील तेव्हा खरा काढा आणि तो मर्यादेवर गेला तर पेन्शन सोडा. दीड हजार सोडणं सोपं नाही, महिन्याचं दूध आणि लाईटबिल त्यात निघतं हे मला माहितीय. पण नवीन आर्थिक वर्षाचा दाखला लागेपर्यंत तुमच्याकडे काही महिने आहेत, ते पैसे हक्कानं घ्या आणि त्यातले जमतील तेवढे हप्त्यासाठी बाजूला टाका. काही बाया उलटं करतात, पेन्शन जाऊ नये म्हणून ऑर्डर नाकारतात. मला एकीनं सांगितलेलं, दिवाळीला फराळाची मोठी ऑर्डर आली होती, नको म्हणाले, खात्यात दिसेल म्हणून. दीड हजारासाठी तिनं किती सोडले ते तिनंच मोजलं नाही.

लाडकी बहीणचं डोक्यात आलं असेल, निराधार गेलं तर ती मिळेल का. तिची मर्यादा अडीच लाख आहे त्यामुळे उत्पन्नात तुम्ही बसता, दुसऱ्या योजनेतून १५०० मिळत असतील तर ती मिळत नाही, ते बंद झाले तर ती अट पण सुटते. पण अर्ज घेणं २०२४ च्या ऑक्टोबरात थांबलं होतं, तेव्हा त्या पैशावर आत्ता हिशोब मांडू नका. अर्ज पुन्हा सुरू झाले तर अंगणवाडी सेविकेला पहिलं कळतं, तिच्या कानावर घालून ठेवा.

मुलगा सहावीत आहे म्हणालात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेबद्दल तुम्हाला कुणी बोललंय का? एकल पालक असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत महिन्याला २२५० रुपये, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, बाल कल्याण समितीपुढे मुलाला घेऊन जावं लागतं, मिस्टरांचा मृत्यूचा दाखला आणि शाळेचं बोनाफाईड लागतं. वेळ खातं हे काम, महिने जातात, पण तुमची निराधारची चिंता एका फटक्यात हलकी होईल इतकी ती रक्कम आहे. मुलीचं १८ पूर्ण व्हायचं असेल तर दोघांचाही अर्ज एकदमच करा. मला आश्चर्य वाटतं की चार वर्षांत सेवा केंद्रात इतक्या खेपा झाल्या असतील आणि हे एकानंही सांगितलं नाही.

आरसेटीबद्दल एक ओळ. जिल्ह्याच्या लीड बँकेची प्रशिक्षण संस्था असते, फुकट शिकवतात, जेवण-राहणं त्यांचंच. तुम्हाला भाकरी शिकवायची गरज नाही, पण पॅकिंग आणि लेबलवर काय काय छापायचं ते शिकून या, आणि त्यांचं सर्टिफिकेट बँकेत कामाला येतं.

आता मुलीचं. अडचण येणार नाही. प्रोफेशनल कोर्सला कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीतून, ॲडमिशन झालं तर ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फीमध्ये पूर्ण सवलत आहे आणि मर्यादा ८ लाख. तुमचा धंदा दसपट वाढला तरी तुम्ही त्यात बसता. ओबीसी असाल तर नॉन क्रिमीलेयरचा दाखला लागेल, त्यासाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो, तो निकालाच्या गर्दीत काढायला जाऊ नका, सर्व्हर बंद असतं आणि सेवा केंद्राबाहेर रांग असते, मार्च-एप्रिलमध्येच करून टाका. आणि बघा, हा दाखला आणि तुमच्या निराधारचा दाखला एकाच तहसील ऑफिसातून, एकाच आधार नंबरवर निघतात. तेव्हा तलाठ्यापुढे बसाल तेव्हा वही घेऊनच बसा आणि दोन्ही कामांना एकच आकडा सांगा.